शॉर्ट लेगचा कर्णधार



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ब्रायन क्लोजचं नाव दिलं. ‘आपल्यातलं कुणी नको का? गावसकर, वाडेकर, झालंच तर सरदेसाई?’ असं त्यांनी फार आदबीनं विचारून पाहिलं. वाडेकर येतील, असा शब्द मी त्यांना दिला आहे आणि तो पाळणार आहे. सचिनही येईल, थोड्या आडवाटेनं.

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे ते पुन्हा पुन्हा मध्ये येणार नाहीत. इंग्लंडकडून क्लोज २२ कसोटी खेळला. धावा ८८७, सरासरी पंचवीसच्या थोडी वर, सर्वोच्च ७०. शतक एकही नाही. एवढ्यावर कुणी कुणाचं व्याख्यान ठेवत नाही. आता त्याच माणसाचे प्रथम श्रेणीचे आकडे ऐका : ७८६ सामने, ३४,९९४ धावा, ५२ शतकं, १,१७१ बळी आणि ८१३ झेल. पस्तीस हजारांना सहा धावा कमी! आपल्याकडे कुणी असता तर त्या सहा धावांसाठी एखादा प्रदर्शनी सामना भरवून तो प्रथम श्रेणीत घालता येईल का, याची खटपट झाली असती.

या दोन हिशेबांच्या मध्ये जे पसरलं आहे, ते काउंटी क्रिकेट. आपल्याला काउंटी म्हणजे आपल्या खेळाडूंनी उन्हाळ्यात जाऊन खेळायची जागा, एवढंच ठाऊक असतं. पण १९५० आणि ६०च्या दशकांत ती हजेरीपटावरची नोकरी होती. एप्रिलअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीन-तीन दिवसांचे सामने, आठवड्याला दोन. एक सामना संध्याकाळी संपला की किटबॅग मोटारीच्या डिकीत टाकायची, रात्रीतून दोन-तीनशे किलोमीटर गाडी हाकायची आणि सकाळी अकराला दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच खेळपट्टीवर उभं राहायचं. यॉर्कशायरसारखा श्रीमंत, मानाचा क्लबसुद्धा खेळाडूंना लांब मुदतीचा करार देत नसे. हंगाम संपला की पुढचं वर्ष क्लबच्या मर्जीवर. बोट मोडलं तरी शक्यतो कुणाला कळू द्यायचं नाही, कारण बाहेर बसलेल्याची जागा दुसरा घेतो. क्लोजच्या ज्या सोसण्याच्या गोष्टी पुढे दंतकथा झाल्या, त्यांचं मूळ मला या हजेरीपटात दिसतं.

त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १९३१चा, लीड्सजवळच्या रॉडनचा. अंगानं दणकट, डावखुरा फलंदाज, उजव्या हातानं मध्यमगती टाकायचा आणि ऑफ स्पिनही. फुटबॉलही असं खेळायचा की लीड्स युनायटेड, आर्सेनल आणि ब्रॅडफर्ड सिटी या तिन्ही क्लबांत त्याची नोंद आहे. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तो यॉर्कशायरकडून पहिल्यांदा उतरला. त्याच सामन्यात आणखी एका पोरानं पदार्पण केलं, त्याचं नाव फ्रेड ट्रूमन. त्या पहिल्याच हंगामात क्लोजनं हजारावर धावा केल्या आणि शंभरावर बळी घेतले. पदार्पणाच्या हंगामात हा दुहेरी पराक्रम दुसऱ्या कुणालाही जमलेला नाही. जुलैत न्यूझीलंडविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डला त्याला कसोटीची टोपी मिळाली, तेव्हा वय होतं १८ वर्षं १४९ दिवस. त्याच्याहून लहान वयात इंग्लंडकडून तोवर कुणी कसोटी खेळलं नव्हतं.

अशा पोराचं पुढे काय होतं, हे आपल्याला नीट माहीत आहे. कौतुकाचा मारा गोलंदाजीच्या माऱ्याहून वाईट. १९५०-५१ला त्याला ऑस्ट्रेलियाला नेलं. मेलबर्नच्या कसोटीत ० आणि १ करून तो परतला, वर दुखापत. संघातल्या ज्येष्ठांना त्याचा राग, त्याला त्यांचा. एकोणीस वर्षांच्या पोराची समजूत काढावी असं त्या दौऱ्यात फारसं कुणाला वाटलं नाही. त्यानंतरची दहा वर्षं तो कसोटी संघात आत-बाहेर करत राहिला. १९५५ला एक सामना, १९५७ला दोन, १९५९ला भारताविरुद्ध हेडिंग्लेला एक.

१९६१चा ओल्ड ट्रॅफर्डचा सामना मात्र थांबून पाहायला हवा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडला जिंकायला २५६ हव्या होत्या. टेड डेक्स्टर ७६ करून बाद झाला तेव्हा धावफलकावर १५० होते आणि त्याचा बळी दुसरा होता. रिची बेनॉ ‘राउंड द विकेट’ येऊन गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेल्या जागेत लेग स्पिन टाकत होता. क्लोज आला, त्यानं बेनॉला एक षटकार मारला आणि थोड्याच वेळात तसाच आडवा फटका मारताना आठ धावांवर झेल दिला. इंग्लंडचा डाव २०१वर संपला. बेनॉचे सहा बळी. कर्णधार पीटर मे त्याच बेनॉकडून शून्यावर त्रिफळाचित झाला होता, पण दुसऱ्या दिवशी सगळं खापर फुटलं क्लोजच्या डोक्यावर. बेनॉला टिकू दिलं तर सामना जाणार, हा क्लोजचा हिशेब माझ्या मते बरोबर होता. त्यानं निवडलेला फटका चुकीचा होता. पण मे केंब्रिजचा आणि क्लोज रॉडनचा, हेही त्या काळच्या इंग्लंडमध्ये विसरून चालत नाही. १९६२ सालापर्यंत तिथे हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशी जातवार विभागणी होती. धावपत्रकावर नावं छापायची पद्धत वेगळी, कित्येक मैदानांवर कपडे बदलायच्या खोल्याही वेगळ्या.

ती विभागणी १९६२च्या शेवटी मोडली आणि १९६३ला क्लोज यॉर्कशायरचा कर्णधार झाला. त्याच जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याला ‘तो’ डाव खेळायला मिळाला. वेस्ट इंडिजविरुद्ध चौथ्या डावात २३४ हव्या होत्या. वेस हॉलनं मनगटाजवळ चेंडू मारून कॉलिन काउड्रीचा हात मोडला होता. पाचव्या दिवशी हॉल तीन तास वीस मिनिटं एका टोकानं न थांबता टाकत होता, दुसऱ्या टोकाला चार्ली ग्रिफिथ. हेल्मेट नाही, छातीला गादी नाही. क्लोजनं काय करावं? तो हॉलच्या अंगावर चालून जाऊ लागला. चेंडू सुटायच्या आधीच खेळपट्टीवर पुढे. हॉल इतका चक्रावला की एकदा धावत येता येता थांबलाच. जे चेंडू बॅटवर येत नव्हते ते क्लोज अंगावर घेत होता, म्हणजे झेलाचा प्रश्नच नाही. ७० धावा झाल्या आणि ग्रिफिथच्या चेंडूवर यष्टीमागे झेल गेला. सामना सुटला तेव्हा इंग्लंडला सहा धावा हव्या होत्या, एक गडी हातात होता आणि मोडलेल्या हाताचा काउड्री नॉन-स्ट्रायकरला उभा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत क्लोजच्या उघड्या अंगाचे फोटो आले. बरगड्यांवर काळेनिळे डाग.

आणि इथेच लोकांची गल्लत होते. क्लोज म्हणजे मार खाणारा माणूस, अशी त्याची ख्याती झाली. एरिक मोरकॅम्ब हा विनोदी नट म्हणायचा की क्रिकेटचा हंगाम सुरू झाल्याची खूण म्हणजे क्लोजच्या अंगावर चेंडू आपटल्याचा आवाज. शॉर्ट लेगला उभ्या क्लोजच्या कपाळावर चेंडू आदळून उडाला आणि त्यानं ‘झेल घ्या’ म्हणून ओरडून सांगितलं, ही गोष्ट तर दहा तऱ्हांनी सांगतात; कुणी झेल स्लिपमध्ये घेतात, कुणी यष्टिरक्षकाकडून. गोष्ट गमतीची आहे, पण तो तिथे का उभा राहायचा, हे तिच्यात हरवतं. फलंदाजाच्या नाकासमोर उभा राहिलेला कर्णधार सगळा खेळ फलंदाजाच्या नजरेतून पाहतो. कुणाचे पाय हलत नाहीत, कोण ओठ चावतोय, हे त्याला मिड ऑफवरून दिसत नाही. शिवाय जिथे उभं राहायला दुसऱ्याला सांगायचं तिथे आपण आधी उभं राहिलं की हुकूम द्यायला तोंड वर राहतं.

१९६६च्या ओव्हल कसोटीत याचा दाखला मिळतो. वेस्ट इंडिज ३-० पुढे, इंग्लंडचे दोन कर्णधार त्या मालिकेत वापरून झालेले. पाचव्या कसोटीला निवड समितीनं क्लोजला बोलावलं. इंग्लंडनं ५२७ केल्या. त्यांत ग्रेव्हनीच्या १६५, यष्टिरक्षक मरेच्या ११२, आणि हिग्ज व स्नो या दहाव्या-अकराव्या गड्यांची १२८ची भागीदारी. दुसऱ्या डावात गॅरी सोबर्स फलंदाजीला आला. त्या मालिकेत त्यानं सातशेवर धावा केल्या होत्या. क्लोजनं जॉन स्नोला सांगितलं, पहिलाच चेंडू उसळता टाक, आणि स्वतः शॉर्ट लेगला जाऊन उभा राहिला. सोबर्स हुक मारणार हे ठरलेलं. हुक करणाऱ्या सोबर्ससमोर चार-पाच हातांवर उभं राहिलेला कुणीही माणूस मान फिरवतो, खांदा वळवतो, निदान डोळे तरी मिटतो. क्लोज हललाच नाही. चेंडू बॅटची कड घेऊन सोबर्सच्या अंगावर लागला आणि खाली पडता पडता क्लोजच्या हातात आला. डोळे मिटले असते तर तो झेल दिसलाही नसता. सोबर्स पहिल्या चेंडूवर शून्य. इंग्लंड डाव आणि ३४ धावांनी जिंकलं.

आता वाडेकर. १९६७च्या जूनमध्ये पतौडींचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा समोर कर्णधार क्लोज होता. हेडिंग्लेला यॉर्कशायरच्याच बॉयकॉटनं नाबाद २४६ केल्या, त्याही इतक्या रखडत की निवड समितीनं पुढच्या कसोटीत त्याला बाहेर बसवलं. भारताचा पहिला डाव १६४. फॉलोऑननंतर मात्र पतौडी १४८, वाडेकर ९१, इंजिनिअर ८७, हनुमंतसिंग ७३ आणि एकूण ५१०! जूनच्या थंडीत, सुर्ती आणि बेदी जायबंदी असताना. सामना गेला, मालिका ३-० गेली, पण त्या ५१०नं आपल्या फलंदाजांना कळलं की इथे तग धरता येतो. एजबॅस्टनच्या तिसऱ्या कसोटीत बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे चौघे एकत्र खेळले, ते तेव्हाच आणि तेवढ्यापुरतेच. नवा चेंडू कुणी टाकायचा म्हणून कुंदेरनला पुढे केलं, जो एरवी यष्टीमागे उभा राहायचा. चार वर्षांनी, १९७१च्या ऑगस्टमध्ये, वाडेकरांनी ओव्हलला मालिका जिंकली तेव्हा समोरचा कर्णधार रे इलिंगवर्थ होता. क्लोजचा यॉर्कशायरमधला उजवा हात. तो त्या खुर्चीवर पोचला, त्याची सुरुवात क्लोज खाली उतरवला गेला तिथून झाली.

ते घडलं १९६७च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा एजबॅस्टनलाच. काउंटी अजिंक्यपदाचा सामना, यॉर्कशायर विरुद्ध वॉर्विकशायर. शेवटच्या दिवशी वॉर्विकशायरला १०२ मिनिटांत १४२ हव्या होत्या. यॉर्कशायरनं त्या सगळ्या वेळात फक्त २४ षटकं टाकली. शेवटच्या पंधरा मिनिटांत तर दोन. बुटाची नाडी बांधणं, क्षेत्ररक्षण बदलणं, चेंडू पुसणं, सगळे परिचित प्रकार. वॉर्विकशायरच्या नऊ धावा कमी पडल्या आणि यॉर्कशायरनं अनिर्णित सामन्याचे दोन गुण खिशात घातले. गिल्ला झाला. चौकशी बसली. लॉर्ड्सवर बोलावून क्लोजला दोषी ठरवलं, तेही पाकिस्तानविरुद्धच्या ओव्हल कसोटीच्या तोंडावर. त्यानं जाऊन तीही कसोटी जिंकली. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी निवड समितीनं कर्णधार म्हणून त्याचंच नाव दिलं होतं. एमसीसीच्या समितीनं ते फिरवलं आणि काउड्रीला नेमलं.

क्लोज दोषी होता का? होता. चोवीस षटकांचं समर्थन मी करणार नाही, आणि ‘सगळेच वेळ काढतात’ ही पळवाट त्यानं घेतली असली तरी मी घेणार नाही. पण शिक्षा त्या दोन षटकांची नव्हती. त्यानं माफी मागितली असती तर प्रकरण बहुधा मिटलं असतं. एक कागद, दोन ओळी. काउंटीला गुण मिळवून देणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं, या मुद्द्यावरून तो तसूभर सरकला नाही. हॉलसमोर जो हेका कामाला आला, तोच टेबलापलीकडे बसलेल्या सद्‌गृहस्थांसमोर त्याला बुडवून गेला. सात कसोटींत कर्णधार. सहा जिंकल्या, एक अनिर्णित, हरलेली एकही नाही. असा हिशेब असलेला कर्णधार इंग्लंडनं घरी बसवला.

यॉर्कशायरमध्ये मात्र त्याचं राज्य चालू होतं. १९६३, ६६, ६७, ६८ ही चार अजिंक्यपदं, शिवाय १९६५ आणि ६९चे जिलेट करंडक. १९६५च्या अंतिम सामन्यात बॉयकॉट रेंगाळतोय म्हणून क्लोज स्वतः तिसऱ्या क्रमांकावर उतरला आणि खेळपट्टीच्या मधोमध त्याची खरडपट्टी काढली, अशी आख्यायिका आहे. बॉयकॉट ती मान्य करत नाही. एवढं खरं, की त्या दिवशी बॉयकॉटनं १४६ केल्या आणि तशी फलंदाजी त्यानं फार थोड्या वेळा केली.

मग १९७०च्या हंगामानंतर समितीचे सर्वेसर्वा ब्रायन सेलर्स यांनी त्याला बोलावलं आणि सांगितलं : राजीनामा दे, नाहीतर आम्ही काढतो. विचार करायला काही मिनिटं. बावीस हंगामांच्या नोकरीनंतर हातात नारळ. घरी जाताना वाटेत गाडी थांबवून तो रडला, हे त्यानंच पुढे सांगितलं आहे. आरोप सगळेच खोटे नव्हते. रविवारच्या चाळीस षटकांच्या क्रिकेटचा त्याला मनस्वी तिटकारा होता आणि तो लपवायचाही नाही. पण त्याआधी दोनच वर्षं, कराराची मागणी केली म्हणून, त्याच क्लबनं इलिंगवर्थला जाऊ दिलं होतं. तो लेस्टरशायरला गेला, इंग्लंडचा कर्णधार झाला, ऑस्ट्रेलियातून ॲशेस घेऊन आला आणि १९७५ला लेस्टरशायरला पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. यॉर्कशायरला मात्र १९६८ नंतरचं अजिंक्यपद मिळालं थेट २००१ला.

चाळिशीचा क्लोज सॉमरसेटला गेला. सफरचंदांचा, सायडरचा मुलूख. तिथल्या काउंटीनं आयुष्यात एकही मोठा करंडक जिंकलेला नव्हता आणि त्याबद्दल कुणाची झोपही उडालेली नव्हती. हरणं हा सभ्यपणाचा भाग आहे, असं समजणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये हा यॉर्कशायरचा माणूस शिरला. १९७२पासून कर्णधार. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत मोलाचा भाग हा, आणि नेमका यातल्या यशाचा आकडा शून्य आहे, कारण त्याच्या हाती करंडक लागलाच नाही. पण १९७४ला त्याच्या संघात दोन पोरं आली. एक अँटिग्वाचा, बावीस वर्षांचा, व्हिव्ह रिचर्ड्स. दुसरा अठरा वर्षांचा इयान बोथम.

त्याच जूनमध्ये टाँटनला हॅम्पशायरविरुद्धच्या सामन्यात अँडी रॉबर्ट्सचा उसळता चेंडू बोथमच्या तोंडावर बसला, दात गेला. पोरगा रक्त थुंकून पुन्हा उभा राहिला, नाबाद ४५ केल्या आणि एक गडी राखून सामना जिंकला. ते त्याला कुठून सुचलं असेल, हे सांगायची गरज नाही. कर्णधार रोज सकाळी शॉर्ट लेगला उभा राहताना तो पाहत होता. क्लोज त्यांना गाडीतून घेऊन हिंडायचा. त्याच्या गाडी चालवण्याची दोघांना हॉल-ग्रिफिथपेक्षा जास्त भीती वाटायची, कारण स्टिअरिंगवर घोड्यांच्या शर्यतीचं पान पसरलेलं असायचं. वाटेत बोलणं एकच : कुणाला कसा बाद करायचा. क्लोज १९७७ला निवृत्त झाला आणि १९७९ला सॉमरसेटनं एकाच आठवड्याअखेरीस जिलेट करंडक आणि रविवारची लीग दोन्ही जिंकली. कर्णधार ब्रायन रोझ. संघ क्लोजनं घडवलेला.

त्याआधी १९७६चा उन्हाळा. वेस्ट इंडिजच्या वेगापुढे टिकेल असा माणूस हवा होता, तेव्हा टोनी ग्रेगच्या संघानं पंचेचाळीस वर्षांच्या क्लोजला बोलावलं. लॉर्ड्सवर त्यानं ६० आणि ४६ केल्या. तिसऱ्या कसोटीत, ओल्ड ट्रॅफर्डला, त्याला सलामीला धाडलं. जोडीदार जॉन एडरिच, वय एकोणचाळीस. पहिल्या डावात सगळा संघ ७१वर गारद झाला होता. दुसऱ्या डावात शनिवारी संध्याकाळी ऐंशी मिनिटं खेळून काढायची होती. होल्डिंग, रॉबर्ट्स आणि डॅनियल. खेळपट्टीला तडे गेलेले, चेंडू कधी घोट्याला तर कधी गळ्याला. डोक्यावर काही नाही. एकाचं कपाळ तर टक्कल पडल्यामुळे आणखीच उघडं. होल्डिंगचा एक चेंडू बरगडीवर बसला आणि क्लोजचे गुडघे दुमडले. ती चित्रफीत आजही पाहता येते. बॅटचा आधार घेऊन तो खाली जातो, वाटतं आता बसणार, आणि मग तो सरळ होतो. बरगडीला हात लावत नाही. समोर क्षेत्ररक्षणात त्याचाच सॉमरसेटचा चेला रिचर्ड्स. त्यानं गुरूची विचारपूस केली आणि जे उत्तर मिळालं ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. पंच बिल ॲली यांनी शेवटी होल्डिंगला ताकीद दिली. दिवसअखेर बिनबाद २१.

सोमवारी क्लोज २० धावांवर बाद झाला. इंग्लंड ४२५ धावांनी हरलं. पुढच्या कसोटीत दोघांनाही वगळलं आणि दोघेही पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. पहिली कसोटी १९४९ला, शेवटची १९७६ला; जवळजवळ सत्तावीस वर्षं. यापेक्षा लांब कसोटी कारकीर्द एकाचीच, तीही यॉर्कशायरच्याच विल्फ्रेड ऱ्होड्सची.

पुढचं भरभर सांगतो. सत्तरीच्या दशकात वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत खासगी संघ घेऊन तो गेला. ते जायला नको होतं, आणि रिचर्ड्सचा गुरू म्हणवणाऱ्यानं तर नकोच. १९८३ला यॉर्कशायरनं बॉयकॉटला नारळ दिला, तर सभासदांनी बंड करून अख्खी समितीच घरी पाठवली. ज्या वागणुकीनं क्लोज रडला, तीच क्लबनं पुन्हा दुसऱ्याला दिली, ही गोष्ट मला खटकते. आणि सचिन? कित्येक दशकं यॉर्कशायरनं यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच खेळवायचं व्रत धरलं होतं, जरी त्या व्रताचे महंत लॉर्ड हॉक स्वतः लिंकनशायरमध्ये जन्मले होते. १९९२ला ते व्रत सोडलं आणि पहिला परदेशी खेळाडू आणला, तो वांद्र्याचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. स्वतःच्या घरची माणसं घालवण्यात वीस-पंचवीस वर्षं काढल्यावर क्लबला बाहेरच्यासाठी दार उघडावं लागलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

क्लोज २००८ला त्याच क्लबचा अध्यक्ष झाला आणि १३ सप्टेंबर २०१५ला वारला.

श्रोतेहो, इंग्लंडच्या डावखुऱ्या फलंदाजांची यादी मला करायला सांगितली तर क्लोज पहिल्या दहांत येणार नाही. अष्टपैलूंच्या यादीतही नाही. पण इंग्लंडच्या कर्णधारांतून एक निवडा असं म्हटलंत, तर माईक ब्रिअर्लीबद्दल पूर्ण आदर राखून मी क्लोजचं नाव देईन, आणि ज्यांनी त्याला सात कसोटींनंतर काढलं त्यांनी इंग्लंडचं नुकसान केलं, असंच म्हणेन.